घरातल्या बंदुकीने जुलमी सरकार पडतं का?

प्रश्न असा आहे: सरकार जुलमी झालं आणि सामान्य लोकांच्या हाती शस्त्रं असली, तर ते लोक त्या सरकारशी लढून जिंकू शकतील का? अमेरिकेत बंदूक बाळगण्याच्या हक्काची बाजू घेणारे हा मुद्दा नेहमी पुढे करतात. त्यांचे विरोधक म्हणतात, रणगाडे आणि लढाऊ विमानांपुढे शिकारीच्या रायफलीचं काय चालणार? मला दोघांचंही म्हणणं अपुरं वाटतं. दोघेही फक्त हत्यारं मोजतात.

मी इन्फन्ट्रीत अधिकारी होतो. नोकरीचा मोठा भाग ईशान्येत, बंडखोरांविरुद्धच्या मोहिमांत गेला. म्हणजे या प्रश्नात जी सरकारची बाजू आहे, त्या बाजूला मी उभा होतो. समोरच्याच्या रायफलीची आम्हाला काळजी असायचीच, पण खरी झोप उडायची ती गाव गप्प झाल्यावर. गावबुढा, म्हणजे गावचा मुखिया, भेटायला येईनासा व्हायचा, दुकानदार जवानाला साधी काडेपेटी विकताना खाली बघायचा, रस्त्यात स्फोटकं पेरली आहेत हे सगळ्या गावाला ठाऊक असायचं आणि आमच्या कानावर काही येत नसे. अशा गावात मुळात चारच बंदुका असल्या तरी तो मुलूख आमच्या हातून गेलेला असायचा. उलट हत्यारं भरपूर पण गाव फुटलेलं, अशा ठिकाणी खबर मिळायची आणि चार-सहा महिन्यांत सगळं आटोक्यात यायचं.

म्हणून माझं थेट उत्तर: लोक लढू शकतात, वर्षानुवर्षं लढू शकतात, सरकारला मोठ्या मुलखातून हाकलूनही देऊ शकतात. पण त्यात घरात आधीपासून असलेल्या बंदुकीचा वाटा फार लहान. सरकार हटवलेल्या जागेवर लोकांना स्वतःचा कारभार बसवता येतो का, यावर बहुतेक सगळं ठरतं. धान्य कोण पुरवणार, भांडणं कोण सोडवणार, आपल्याच बंदूकवाल्या पोराने लूट केली तर त्याला शिक्षा कोण देणार, हे ते प्रश्न.

आपल्या शेजारचंच उदाहरण घेतो. आपल्या मिझोरामला लागून म्यानमारचं चिन राज्य आहे आणि त्याच्या दक्षिण भागात मिंदात नावाचं डोंगरातलं शहर आहे. १ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारच्या लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवलं. पहिले दोन महिने लोक रिकाम्या हातांनीच रस्त्यावर होते. डॉक्टर, शिक्षक, रेल्वेचे कर्मचारी, बँकांतले कारकून यांनी काम बंद केलं, रात्री आठ वाजता घराघरांतून भांडी वाजायची. लष्कराने गोळ्यांनी उत्तर दिलं. २७ मार्चला, त्यांच्या सैन्यदिनी, एका दिवसात शंभराहून अधिक माणसं मारली गेली. त्यानंतर लोकांनी हत्यारं शोधायला सुरुवात केली.

मिंदातच्या लोकांना ती शोधावी लागली नाहीत. चिन डोंगरांत ठासणीची बंदूक पूर्वापार शिकारीसाठी वापरतात, आणि बंदूकही तिथलेच कारागीर बनवतात. एप्रिलच्या अखेरीस पकडलेल्या निदर्शकांच्या सुटकेवरून ठिणगी पडली आणि या शिकाऱ्यांनी सैनिकांवर बंदुका रोखल्या. या प्रश्नाची याहून स्वच्छ परीक्षा मला माहीत नाही: हत्यार घरचं, नेम पक्का, डोंगर ओळखीचा आणि माणूस चिडलेला. त्यांनी वळणावळणांवर लष्कराच्या गाड्या अडवल्या, सैनिक टिपले. मग लष्करी कायदा लागू झाला, तोफा आणि हेलिकॉप्टर आले, आणि मेच्या मध्यापर्यंत शहर गेलं. लोक जंगलात पांगले. ठासणीच्या बंदुकीतून एक बार काढला की पुन्हा दारू, छर्रा, गज अशी सगळी तयारी करावी लागते. तेवढ्या वेळात समोरचा सैनिक अख्खं मॅगझिन रिकामं करतो. शौर्य कितीही असलं तरी हा हिशेब बदलत नाही.

पण मिंदातची गोष्ट तिथे संपली नाही, आणि आपल्या प्रश्नासाठी पुढचा भागच महत्त्वाचा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तेच मिंदात चिन बंडखोरांच्या आघाडीने लष्कराकडून जिंकून घेतलं. लढणाऱ्यांत २०२१ साली जंगलात गेलेलीच पोरं होती.

मधल्या साडेतीन वर्षांत झालं काय? पहिली गोष्ट प्रशिक्षण. म्यानमारमध्ये करेन, काचिन अशा वांशिक सेना दशकानुदशकं लष्कराशी लढत आल्या आहेत. २०२१ नंतर यांगून-मंडालेची कॉलेजातली मुलं त्यांच्या छावण्यांत जाऊन शिकली. चिन पोरांना शेजारच्या राखाइन राज्यातल्या अराकान आर्मी या वांशिक सेनेची मोठी मदत झाली, आणि ती सेना स्वतः २००९ मध्ये काचिनांच्या आसऱ्याने उभी राहिलेली. म्हणजे नागरिक लढले हे खरं, पण आधी कुणीतरी त्यांना सैनिक केलं. नेमबाजी येणं आणि सैनिक असणं यांत फार अंतर आहे. गोळीबार सुरू झाल्यावर पळायचं नाही, शेजारच्याला कव्हर द्यायचं, जखमीला सोडायचं नाही, हुकूम आल्याशिवाय फायर करायचं नाही आणि हुकूम आल्यावर थांबायचंही, हे अंगवळणी पडायला महिने लागतात आणि ते शिकवणारा उस्ताद लागतो.

दुसरी गोष्ट पैसा. परदेशात कामाला गेलेल्या ब्रह्मी लोकांनी तो पाठवला. हटवलेल्या लोकप्रतिनिधींनी उभ्या केलेल्या भूमिगत राष्ट्रीय एकता सरकारने लॉटरी काढली, रोखे विकले. नागरिकांच्या लढ्याला रोखे काढायला लागतात हे ऐकून कुणाला विचित्र वाटेल. पण काडतुसं फुकट येत नाहीत, आणि ज्या चळवळीला पैसा उभा करता येत नाही ती शेवटी खंडणीवर उतरते. ईशान्येत मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. ज्या दिवशी गावाला सरकारचा कर आणि बंडखोरांचा कर सारखाच नकोसा होतो, त्या दिवसापासून खबरी मिळायला लागतात.

तिसरी गोष्ट, हत्यारंही आली, पण लढाई सुरू झाल्यानंतर. थोडी सीमेपलीकडून आली, थोडी वर्कशॉपमध्ये बनली, थोडी थ्री-डी प्रिंटरवर. शेतीसाठी मिळणारी ड्रोन बॉम्ब टाकायला वापरली गेली. सर्वांत जास्त हत्यारं लष्कराच्याच पडलेल्या चौक्यांतून मिळाली. बऱ्याच यशस्वी बंडांत हे दिसतं. घरातली बंदूक फार तर पहिली चौकी घेण्यापुरती उपयोगाची, पुढची शस्त्रं समोरची फौज पुरवते.

त्यात २७ ऑक्टोबर २०२३ ला उत्तर शान राज्यात तीन वांशिक सेनांनी एकत्र हल्ला चढवला. ऑगस्ट २०२४ मध्ये लाशियो पडलं, म्हणजे लष्कराचं ईशान्य विभागाचं मुख्यालयच गेलं. अशी प्रादेशिक कमान हातून जाण्याची त्या लष्कराच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ. डिसेंबरमध्ये राखाइनमधल्या आन इथलं पश्चिम कमानीचं मुख्यालयही पडलं. लष्कराला फेब्रुवारी २०२४ मध्येच सक्तीची भरती जाहीर करावी लागली होती. ज्या सैन्याला माणसं पकडून भरती करावी लागते, त्याच्या दूरवरच्या चौक्या कशा लढत असतील हे मला कुणी सांगायची गरज नाही.

एवढं होऊनही २०२५ च्या सुरुवातीला चीनने दबाव आणून युद्धबंदी घडवली, आणि एप्रिलमध्ये लाशियो शहर पुन्हा लष्कराच्या हाती गेलं. मैदानात जिंकलेलं शहर शेजारच्या मोठ्या देशाने टेबलावर परत द्यायला लावलं. सीमेपलीकडचा शेजारी कोण आणि त्याला काय हवं आहे, हा घटक या चर्चेत फार कमी लोक धरतात.

उलटं उदाहरण इराकचं. सद्दाम हुसेनच्या काळातही इराकी घरांत बंदुका सर्रास असायच्या, टोळ्यांकडे तर भरपूर. मार्च १९९१ मध्ये, कुवेतमधल्या पराभवानंतर, दक्षिणेत शिया आणि उत्तरेत कुर्द उठले. १८ पैकी १४ प्रांत काही दिवस सद्दामच्या हातून सुटले होते. पण शहरांशहरांत ताळमेळ नव्हता, एक नेतृत्व नव्हतं, आणि बंडाच्या पहिल्या लाटेत झालेल्या सूडाच्या हत्यांमुळे काठावरची माणसं घाबरून मागे सरली. युद्धबंदीच्या करारात हेलिकॉप्टर उडवायची परवानगी इराकी सेनापतींनी मिळवली होती, तीच हेलिकॉप्टरं या लोकांवर आली. दक्षिण काही आठवड्यांत चिरडली गेली. उत्तरेत कुर्द वाचले ते वर परदेशी विमानांचं छत्र आल्यामुळे. इतक्या घरांत बंदुका असूनही सद्दाम आणखी बारा वर्षं टिकला.

आता आपल्या मातीतलं उदाहरण, कारण या बाबतीत सातारा जिल्ह्याइतकं शिकवणारी जागा थोडी आहे. त्या वेळच्या साताऱ्यात आजचा सांगलीचा मोठा भाग येत असे. ऑगस्ट १९४२ नंतर तिथे निघालेले कचेऱ्यांवरचे मोर्चे निःशस्त्र होते. ९ सप्टेंबरला वडूजला आणि दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला पोलिसांनी गोळीबार केला, माणसं गेली. त्यानंतर कार्यकर्ते भूमिगत झाले आणि क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभं राहिलं. कुंडलला जी. डी. बापू लाड यांची तुफान सेना, वाळव्याला नागनाथअण्णा नायकवडी, तिकडे वाईच्या बाजूला किसन वीर. हत्यारं मोजकी होती. काही पोलिसांकडून हिसकावलेली, काही पोर्तुगीजांच्या गोव्यातून चोरून आणलेली. ती आणण्याच्या कामात नाना पाटलांची मुलगी हौसाताईही होत्या. पैशासाठी जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ रेल्वेतला सरकारी पगार लुटला, एप्रिल १९४४ मध्ये धुळ्याकडे चिमठाण्याजवळ साडेपाच लाखांचा सरकारी खजिना लुटला.

ही धाडसं सगळ्यांना पाठ असतात. पण माझ्यासारख्या माणसाला धडकी भरते ती दुसऱ्याच गोष्टींनी. गावागावांत न्यायदान मंडळं बसली. लोकांनी मामलेदार कचेरीची पायरी चढणं सोडलं, आणि बांधाचा, गहाण जमिनीचा, सोडलेल्या बायकोच्या पोटगीचा निवाडा गावातच व्हायला लागला. दारूबंदी झाली. कमी खर्चात, हार घालून लग्नं लागू लागली. दरोडेखोरांचा बंदोबस्त झाला, जो ब्रिटिश पोलिसांना जमत नव्हता. सरकारविरुद्ध बंड करायचं आणि चोरही आवरायचे, ही दोन्ही कामं एकाच संघटनेने केली की गावाच्या दृष्टीने तीच सरकार ठरते. मी ब्रिटिश अधिकारी असतो तर शेणोलीची लूट मी पचवली असती. कोर्टात येणारे दावे कमी झालेले दिसले असते, तर मात्र वरिष्ठांना लिहून कळवलं असतं की हा भाग आपल्या हातून गेला.

पत्री मारण्याची शिक्षा क्रूर होती, हे झाकायचं कारण नाही. खबऱ्या, गुंड, सरकारचे हस्तक यांच्या तळपायांवर ती पडायची. जिथे कोर्ट, वकील, अपील नाही तिथे अशा शिक्षेत जुनी वैरं मिसळण्याचा धोका कायम असतो, आणि प्रत्येक सशस्त्र चळवळीला ही परीक्षा द्यावी लागते. साताऱ्यात ती बरीचशी निभावली, कारण शिक्षा देणारी माणसं त्याच गावांत वाढलेली होती आणि वर त्यांना आवरणारं नेतृत्व होतं.

मग साताऱ्याने इंग्रजांना हरवलं का? सैनिकी अर्थाने नाही. फेब्रुवारी १९४६ मध्ये मणदूरच्या चकमकीत तुफान सेनेचे किसन अहीर आणि त्यांच्याबरोबर आझाद हिंद फौजेचे नानकसिंग मारले गेले. शिकलेली, अनुभवी माणसं होती ती. भरलेल्या बटालियनसमोर प्रतिसरकार उभं राहू शकलं नसतं, आणि ते नेत्यांनाही ठाऊक होतं, म्हणून त्यांनी तशी लढाई कधी ओढवून घेतली नाही. त्यांनी चार वर्षं काढली. तेवढ्या काळात महायुद्ध संपलं, इंग्लंड दमलं आणि १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत नौदलाच्या ‘तलवार’ या तळावर नौसैनिकांनी बंड केलं. ज्या भारतीय सैनिकांच्या जोरावर राज्य चाललं होतं त्यांचा भरवसा संपल्याचं तेव्हा उघड झालं. बंडखोरांनी टिकून राहायचं आणि तेवढ्यात सरकारच्या शिपायाचं मन फिरायचं, हा मार्ग जगात पुन्हा पुन्हा दिसतो. फेब्रुवारी १९७९ मध्ये इराणच्या शहाचं राज्य त्याचं लष्कर बाजूला झाल्यावर संपलं. फेब्रुवारी १९८६ मध्ये मनिलात मार्कोस पळाला तो लष्कराचा एक भाग फुटला आणि लोक त्या सैनिकांच्या भोवती कडं करून उभे राहिले म्हणून. म्यानमारमध्ये हजारो सैनिक आणि पोलीस एकेकटे पळून आले, पण अख्खी मोठी तुकडी अधिकाऱ्यांसकट फुटली असं झालं नाही, आणि लढाई लांबण्याचं मोठं कारण मला हेच वाटतं.

‘सशस्त्र नागरिक’ म्हटलं की सगळे नागरिक एका बाजूला आणि सरकार दुसऱ्या बाजूला, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. मराठवाड्यातल्या वाचकांना ते खोटं असल्याचं सांगायला नको. रझाकार कोण होते? कासिम रझवीच्या संघटनेतले शस्त्रधारी नागरिकच. निजामाच्या फौजेपेक्षा गावांना त्यांची दहशत जास्त होती, आणि त्यांच्याशी लढायला सरहद्दीवरच्या कॅम्पांतून जी पोरं जायची तीही शस्त्रधारी नागरिकच. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य आत शिरलं तेव्हा पाच दिवसांत निकाल लागला. म्यानमारच्या सगाइंग भागात आज हेच आहे: लष्कराने पाठीशी घातलेले ‘प्यू सॉ ती’ नावाचे गावगुंडांचे आणि कट्टर समर्थकांचे जथे शेजारच्या गावांवर तुटून पडतात. जुलमी सरकारालाही चाहते असतात, आणि त्या चाहत्यांना परवाना लवकर मिळतो.

किंमतीबद्दल बोललंच पाहिजे. म्यानमारच्या लष्कराची जुनी नीती आहे, १९६० च्या दशकापासूनची: बंडखोरांचं अन्न, पैसा, खबर आणि माणसं, चारही तोडायची. हे चारही ज्या गावातून येतं ते गाव जाळायचं. सगाइंगमध्ये हजारो घरं अशी जाळली गेली. ११ एप्रिल २०२३ ला पाझिजी गावात बंडखोरांच्या कचेरीच्या उद्घाटनाला जमलेल्या लोकांवर विमानाने बॉम्ब टाकले, दीडशेहून अधिक माणसं मेली, त्यात लेकरं होती. तीस लाखांहून अधिक माणसं देशातल्या देशात घर सोडून भटकताहेत. तीस हजारांवर माणसं आपल्या मिझोराममध्ये आली. तिथल्या लोकांनी, चर्चनी आणि राज्य सरकारने त्यांना सांभाळलं याचा मला भारतीय म्हणून अभिमान आहे. आपणही या बाबतीत निर्मळ नाही. १९६६ मध्ये ऐजॉलवर आपल्याच विमानांनी मारा केला, पुढच्या वर्षापासून मिझो गावं उठवून रस्त्याकडेला एकत्र वसवली, जुनी घरं जाळली. मिझो बंड वीस वर्षं चाललं आणि १९८६ च्या कराराने मिटलं. सशस्त्र लढ्याचा हिशेब करताना ही वर्षं आणि ही गावं त्यात धरायलाच हवीत.

एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या अमेरिकन अभ्यासकांनी १९०० ते २००६ मधल्या मोठ्या चळवळी मोजल्या तेव्हा निःशस्त्र चळवळींपैकी सुमारे ५३ टक्के यशस्वी ठरल्या, सशस्त्रांपैकी २६ टक्के. हा आकडा मला पटतो, पण तो म्यानमारच्या मुलांच्या तोंडावर फेकायला मी तयार नाही. त्यांनी आधी निःशस्त्र मार्गच धरला होता. आणि शस्त्रं हाती घेतल्यावरही असहकार सोडला नाही, हे मला त्यांचं मोठेपण वाटतं. लोकांनी वीजबिलं भरणं थांबवलं. शिक्षकांनी सरकारी शाळा सोडल्या आणि मोकळ्या केलेल्या गावांत मांडवाखाली वर्ग घेतले. वीजबिल न भरणारं घर आणि डोंगरातली बंदूक ही एकाच लढ्याची दोन अंगं आहेत, आणि पहिलं अंग नसेल तर दुसरं फार दिवस जगत नाही.

राहिला अमेरिकेचा प्रश्न, जिथून ही चर्चा सुरू होते. तिथे लोकसंख्येपेक्षा जास्त बंदुका नागरिकांकडे आहेत. म्हणजे मिंदातला जे कमी पडलं ते तिथे भरपूर आहे. पण जुलमी कोण, यावर त्या बंदूकवाल्यांचंच एकमत नाही, आणि इतिहासात त्या बंदुका अनेकदा दुर्बळावर रोखल्या गेल्या आहेत. १७९४ मध्ये दारूवरच्या कराविरुद्ध पेनसिल्व्हेनियाचे शेतकरी हत्यारं घेऊन उठले. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन सुमारे तेरा हजारांची मिलिशिया घेऊन निघाले आणि उठाव लढाईशिवायच विरघळला. तो करही संपला, पण आठ वर्षांनी, निवडणुकीतून सत्ता बदलल्यानंतर. याउलट १० नोव्हेंबर १८९८ ला उत्तर कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनमध्ये सशस्त्र नागरिकांना एक सरकार पाडण्यात पूर्ण यश आलं. शेकडो गोऱ्या माणसांनी बंदुका घेऊन कृष्णवर्णीयांचं वर्तमानपत्र जाळलं, रस्त्यांत कृष्णवर्णीयांना ठार मारलं, निवडून आलेल्या महापौराला आणि नगरसेवकांना राजीनामे द्यायला लावले आणि संध्याकाळपर्यंत आपला महापौर खुर्चीवर बसवला. केंद्र सरकारकडून मदतीला कुणी आलं नाही, आणि त्या बंदूकधाऱ्यांपैकी एकालाही शिक्षा झाली नाही.